हेत्वाभास, तर्कदोष, छल, वितंडा : मुलांना कोणता शब्द शिकवू?

मी शाळेतल्या मुलांची वादस्पर्धेची तयारी करून घेते. सरावाचा भाग म्हणून एखादी जाहीर चर्चा त्यांना ऐकवते आणि विचारते, "बोलणाऱ्याचं चुकलं कुठे?" मुलांना चूक बरोबर जाणवते, पण नाव विचारलं की सगळी एका सुरात म्हणतात, "फॅलसी!" मला मराठी शब्द हवा होता, म्हणून मी फळ्यावर 'हेत्वाभास' लिहिलं. तिथेच घोळ झाला. अर्ध्या वर्गाला वाटलं, हेत्वाभास म्हणजे हेतू चांगला असल्याचा आभास, म्हणजे ढोंग. एका मुलानं तर सरळ विचारलं, "बाई, त्यांनी माझं वाक्यच बदलून टाकलं. यात हेतू कुठे आला?"

प्रसंग असा होता. विषय होता, मुलांना फोन कोणत्या वयात द्यावा. हा मुलगा म्हणाला, "बारा वर्षांखालच्या मुलाला स्वतःचा फोन देऊ नये." प्रतिपक्षाची मुलगी उठली आणि म्हणाली, "म्हणजे माझ्या मित्राला मुलांना जगापासून तोडून ठेवायचं आहे. कोणाला पटेल हे?" टाळ्या पडल्या आणि मुलगा खाली बसला. आपण हे बोललोच नव्हतो, हे त्याला कळत होतं, पण नेमकं काय झालं ते सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हता.

कोश पाहिले तर तर्कदोष, तर्कदुष्टता, कुतर्क, युक्त्याभास असे बरेच शब्द मिळतात. सगळे एकाच अर्थाचे आहेत का? तुम्ही कोणता वापरता?

* * *

ताई, तुमच्या विद्यार्थ्याची शंका अगदी रास्त आहे. आधी 'हेतू'चं बघू. आजच्या मराठीत हेतू म्हणजे मनातला उद्देश. हेतुपुरस्सर, सहेतुक, निर्हेतुक, 'यामागे काय हेतू आहे?', सगळीकडे उद्देशच. न्यायशास्त्रात, म्हणजे तर्काच्या जुन्या भारतीय शास्त्रात, मात्र हेतू म्हणजे विधानाला दिलेला आधार, 'का?' या प्रश्नाचं उत्तर. तिथे अनुमान पाच पायऱ्यांनी मांडतात : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर दिसतो, हा हेतू. म्हणून हेत्वाभास म्हणजे जो आधारासारखा दिसतो पण आधार नसतो, तो. नुसत्या चुकीला हा शब्द लागत नाही, चूक दिसायला बरोबर असावी लागते. 'आभास' हा त्यातला मोलाचा भाग आहे, आणि 'तर्कदोष' म्हटलं की तोच गळून पडतो.

न्यायशास्त्राचा मूळ ग्रंथ म्हणजे गौतम ऋषींची न्यायसूत्रं. त्यांत हेत्वाभासाचे पाच प्रकार आहेत : सव्यभिचार, विरुद्ध, प्रकरणसम, साध्यसम आणि कालातीत. पाचही वर्गात नेऊ नका, मुलं पाठ करतील आणि विसरतील. साध्यसम तेवढा जरूर न्या. जे सिद्ध करायचं आहे तितकाच असिद्ध असलेला आधार द्यायचा, हे त्याचं रूप. "तो खोटं बोलणार नाही, कारण तो प्रामाणिक आहे." अहो, पण तो प्रामाणिक आहे की नाही, यावरच तर चर्चा चालली आहे!

डोंगराचं तेच उदाहरण दोन ठिकाणी मोडून दाखवता येतं. पहाटे डोंगरावर धुकं असतं. लांबून पाहणारा म्हणतो, धूर आहे म्हणजे आग असणार. धूर असला की आग असते, हा नियम खराच आहे. गडबड एवढीच की तो धूर नाही, धुकं आहे. हा असिद्ध हेतू. आता उलट बाजू : "आग आहे म्हणजे धूर असणारच." लोखंडाचा गोळा लालबुंद तापवला तर त्यात आग असते, धूर मात्र नसतो. धूर निघायला सरपण ओलं लागतं. ही जी न बोललेली अट आहे, ओल्या सरपणाची, तिला 'उपाधी' म्हणतात. आपण हा शब्द पदवीसाठी किंवा 'नसती उपाधी' असा कटकटीसाठी वापरतो आणि त्याचा हा तिसरा, सगळ्यात कामाचा अर्थ विसरून गेलो आहोत.

वर्गात असं वाक्य द्या : "जिथे अग्निशमन दलाच्या गाड्या जास्त गेल्या तिथे नुकसानही जास्त झालं. म्हणजे गाड्यांमुळे नुकसान वाढतं." मुलं हसतील. मग विचारा, यातली उपाधी शोधा. आग मोठी होती, म्हणून गाड्याही जास्त आणि नुकसानही जास्त. आकडे पुढे करून केलेल्या कितीतरी दाव्यांत हीच मेख असते, आणि तिथे कोणी हसत नाही.

आता तुमच्या विद्यार्थ्याबद्दल. त्याच्या बाबतीत जे झालं तो हेत्वाभास नव्हेच, तो छल. प्रतिपक्षाच्या शब्दाचा वेगळाच अर्थ घेऊन त्याचं म्हणणं खोडणं, याला न्यायशास्त्रानं स्वतंत्र नाव दिलं आहे आणि त्याचे तीन प्रकार केले आहेत. वाक्छलाचं जुनं उदाहरण 'नवकंबल' या शब्दाचं आहे. बोलणाऱ्याला म्हणायचं असतं, याच्याकडे नवी कांबळ आहे. ऐकणारा म्हणतो, नऊ कुठे आहेत, मला तर एकच दिसते. सामान्यछलात मोघम केलेलं विधान सरसकट नियम म्हणून ताणतात, आणि उपचारछलात लाक्षणिक बोलणं शब्दशः धरतात. "सभागृह खवळलं" म्हटलं की "भिंती कधी खवळतात का?" तुमच्या वर्गातली ती मुलगी सामान्यछलाच्या अंगानं गेली. वयाची एक मर्यादा उचलली आणि ती जगापासून तोडण्यापर्यंत ताणली.

म्हणून माझ्यापुरतं मी असं ठरवलं आहे : सगळ्याला मिळून तर्कदोष, आधार फसवा असेल तर हेत्वाभास, समोरच्याचं बोलणं वाकवलं असेल तर छल. 'कुतर्क' मी टाळतो. त्यात माणसाच्या मनातल्या उद्देशावर आरोप आहे, आणि बहुतेक चुका माणसं मनापासून करतात.

* * *

वरचं विवेचन आवडलं, पण मुलांना 'सामान्यछल' कशाला? छलाला मराठीनं कधीचंच नाव दिलं आहे : 'ध'चा 'मा' करणं. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांना 'धरावे' असं लिहिलेल्या पत्रात कोणीतरी 'मारावे' केलं, अशी कथा आहे. ती खरी की रचलेली हा वाद बाजूला ठेवू, पण एक अक्षर बदललं की माणसाचं म्हणणं जिवावर उठू शकतं, हे या वाक्प्रचाराइतकं कोणतीही व्याख्या सांगत नाही. त्या मुलानं उठून "मी असं म्हणालो नाही, हा 'ध'चा 'मा' झाला" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. आणि नाम हवं असेल तर बुजगावणं. खरा माणूस सोडून त्याच्या जागी गवताचा उभा करायचा आणि त्याला पाडायचं.

बाकीच्यांनाही आपल्याकडे शब्द आहेत. दोन गोष्टी एकामागोमाग घडल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असं मानणं, त्यासाठी 'कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ'. संस्कृतात काकतालीय न्याय. ओढूनताणून जोडलेल्या नात्याला बादरायण संबंध : आमच्या गाडीचं चाक बोरीच्या लाकडाचं, तुमच्या दारात बोरीचं झाड, म्हणून आपण नातेवाईक!

पण म्हणींवर डोळे झाकून विसंबू नये. 'पाचामुखी परमेश्वर' काय सांगते? पुष्कळ जण म्हणतात म्हणून खरं. 'बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर' ही पुरावा मागताना चांगली शोभते, पण तिच्यात दोनच पर्याय आहेत. बाप जिवंत असून परगावी गेला असेल तर? 'आगीशिवाय धूर निघत नाही' तर सर्रास अफवेच्या समर्थनासाठी वापरतात. वर धुक्याचं उदाहरण आलंच आहे. अफवा हा धूर आहे की धुकं, हे कोण तपासतो?

आणि 'शितावरून भाताची परीक्षा' बद्दल थोडं सविस्तर, कारण ही म्हण लोक दोन्हीकडून चुकीची वापरतात. एक शीत दाबून भात शिजला का ते कळतं, ते अगदी बरोबर आहे. का कळतं? सगळे तांदूळ एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात, एकाच विस्तवावर असतात आणि मधूनमधून ढवळलेले असतात. माणसांचा समूह असा एका पातेल्यात शिजत नाही. दोन माणसं भेटली आणि अख्खा समाज कळला, असं जो म्हणतो त्याच्या तोंडी ही म्हण खोटी पडते. पण नीट ढवळून, हवं तिथून शितं उचलून केलेल्या पाहणीला "एवढ्याशा लोकांना विचारून काय कळणार?" म्हणणाराही चुकतो. वाद शिताच्या संख्येपेक्षा भात ढवळला होता का, यावर व्हायला हवा.

* * *

'वितंडा'चं काय? कोणी जरा प्रश्न विचारले की "वितंडवाद घालू नका" म्हणून गप्प बसवतात.

* * *

हा शब्द फार बेफिकिरीनं वापरला जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत. सत्य काय ते कळावं म्हणून केलेला तो वाद. जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, त्यात छलही चालतो. आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त दुसऱ्याची पाडणं ती वितंडा. म्हणजे मुळात 'वाद' हा तिघांतला सर्वांत चांगला शब्द होता. आपण त्याचं भांडण केलं आणि वर मधल्या 'जल्प'लाच विसरलो. रोज रात्री पडद्यावर जे चालतं त्याला नेमका शब्द तोच आहे.

वितंडा सदोष मानली गेली आहे, पण शंका विचारणारा प्रत्येक जण वितंडखोर ठरत नाही. एकजण म्हणतो, "हे अमक्यानंच केलं." दुसरा विचारतो, "पुरावा काय?" पहिला उसळतो, "मग तुम्ही सांगा कोणी केलं!" विचारणाऱ्यावर ते सांगायची जबाबदारी नाही. दावा ज्याचा, सिद्ध करायचं ओझंही त्याचंच.

* * *

सगळ्यांचे आभार. आज वर्गात 'छल' आणि 'बुजगावणं' दोन्ही लिहिले. मुलांनी बुजगावणं उचललं, आणि 'उपाधी' शोधायचा तर त्यांना नादच लागला.

एका ठिकाणी मात्र मी अडले. कोणी दोष दाखवला की "तुम्ही तेव्हा कुठे होता?" असं उलट विचारतात, त्यावर बोलत होतो. मी म्हटलं, हा तर्कदोष आहे, विचारणारा कसाही असला तरी त्याचा मुद्दा स्वतंत्र तपासावा. एक मुलगी म्हणाली, "बाई, मग 'तेव्हा कुठे गेला होता राधासुता तुझा धर्म' हे कृष्णाचं चुकलं का?"

* * *

फार चांगला प्रश्न विचारला तिनं. नाही चुकलं. रथाचं चाक रुतल्यावर कर्ण धर्माच्या नावानं स्वतःसाठी सवलत मागत होता. जो नियमाचा आधार घेऊन काही मागतो, त्याला "तू हा नियम पाळलास का?" हे विचारणं प्रस्तुतच आहे. पण तोच कर्ण "या विहिरीचं पाणी दूषित आहे" असं म्हणाला असता, तर त्याच्या जुन्या वागण्याचा पाण्याशी काही संबंध नव्हता. सवलत मागितली तर माणूस तपासा, माहिती दिली तर माहिती तपासा.

* * *

हे उद्या सांगते. त्याच मुलानं, ज्याचं वाक्य बदललं गेलं होतं, निघताना विचारलं, "समोरच्याचा तर्कदोष सापडला म्हणजे तो हरला ना?" मी त्याला डोंगराचं चित्र काढून दाखवलं. दिसतंय ते धुकं आहे, धूर नाही, हे तू सिद्ध केलंस. त्या माणसाचा आधार गेला. पण धुक्याच्या मागे खरोखर आग लागलेली असू शकते. तो थोडा वेळ चित्राकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मग वर जाऊन बघावं लागेल."

दोष दिसला म्हणून निष्कर्षच खोटा मानणं, या चुकीला मराठीत शब्द सापडला नाही. 'दोषाभास' चालेल का?