नैतिकता समिती रुग्णालयाची असेल, तर रुग्णाची बाजू कोण घेणार?

विचारणा :
माझ्या वडिलांना फुफ्फुसाचा कर्करोग आहे. एका नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी होण्याविषयी रुग्णालयाने आम्हाला विचारले असून, संमतीपत्राच्या शेवटच्या पानावर ‘नैतिकता समिती’च्या (चाचणीला मंजुरी देणाऱ्या व सहभागी रुग्णांचे हित जपणाऱ्या समितीच्या) अध्यक्षांचा दूरध्वनी क्रमांक दिला आहे. समिती रुग्णालयाचीच असेल, तर ती रुग्णालयाच्या विरोधात कशी बोलणार? वडील म्हणतात, डॉक्टर सांगतील तिथे सही करू. मला ते पटत नाही.

प्रतिसाद १ :
आपली शंका रास्त आहे. मी निवृत्त शिक्षिका असून अशा एका समितीवर सहा वर्षे ‘सामान्य नागरिक’ या नात्याने काम केले आहे. औषध चाचण्यांविषयीच्या २०१९ च्या नियमांनुसार समितीत किमान ७ सदस्य लागतात, त्यांपैकी निम्मे तरी संस्थेबाहेरचे असावे लागतात आणि अध्यक्षही बाहेरचेच असतात. कायदेतज्ज्ञ किंवा सामान्य नागरिक गैरहजर असेल, तर गणपूर्तीच, म्हणजे बैठकीसाठी आवश्यक उपस्थितीच, होत नाही.

कागदावर हे भक्कम दिसते. प्रत्यक्षात सारे बोलणाऱ्यावर अवलंबून असते. एका मराठी संमतीपत्रात ‘यादृच्छिक पद्धतीने गटविभाजन’ असे लिहिले होते. हे कोणाला कळणार, असे मी विचारले, तेव्हा ‘आम्ही तोंडी समजावतो’ असे उत्तर मिळाले. सही मात्र कागदावर होते, तोंडी सांगण्यावर नाही, एवढेच मी म्हटले. ते पत्र परत गेले आणि ‘नाणेफेक केल्याप्रमाणे गट ठरेल, आपण कोणत्या गटात जाल हे आपल्या डॉक्टरांनाही ठरवता येणार नाही’ असे होऊन आले. तो क्रमांक आपल्यासाठीच आहे, निःसंकोच फोन करा.

प्रतिसाद २ :
मी डॉक्टर आहे, म्हणून एक मर्यादा सांगतो. वडिलांनी चाचणीत जावे की नाही, हे समिती सांगणार नाही. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येईल का, बाहेर पडल्यास नेहमीचे उपचार चालू राहतील का आणि चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार कोण देणार, हे मात्र अवश्य विचारा. गंभीर दुष्परिणाम झाल्यास संशोधकाने २४ तासांत समितीला कळवायचे असते, त्यामुळे तिचे काम मंजुरीपाशी संपत नाही. अखेरच्या अवस्थेत जीवरक्षक उपचार थांबवण्याचा निर्णय निराळा, तो या समितीचा नाही. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात व २०२३ च्या सुधारणेत वैद्यकीय मंडळांची (डॉक्टरांच्या गटांची) स्वतंत्र व्यवस्था सांगितली आहे.

विचारणाऱ्याचे उत्तर :
दोघांचेही मनापासून आभार. आज फोन केला. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सही करण्याची घाई करू नका, असे सांगितले. संमतीपत्र १९ पानांचे आहे. रोज संध्याकाळी वडिलांना दोन-तीन पाने वाचून दाखवतो आहे. काल त्यांनी पहिल्यांदाच मला थांबवून एका वाक्याचा अर्थ विचारला.