माजी विद्यार्थी मेळावा: कोकणातल्या जुन्या शाळांचे अनुभव

जुन्या शाळेत मेळावा भरवायचा तर कुठे काय अडतं, ते जाणकारांनी सांगावं. आठवणी नंतर, इथे कामाचंच लिहा.

रत्नागिरी: आधी तारीख. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडा, गाड्या मिळत नाहीत. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुटतं, म्हणजे तारीख तीन महिने आधी कळायला हवी. फेब्रुवारी-मार्चात शाळेत बोर्डाच्या परीक्षेचं केंद्र असतं, तेव्हा जमत नाही. सगळ्यात स्वस्त पडतो तो शाळेच्या स्नेहसंमेलनानंतरचा लगेचचा रविवार: मांडव, माइक, खुर्च्या उभ्याच असतात, मांडववाल्याला एक दिवस जादा द्यायचा. फक्त नाताळचा आठवडा नको, किनाऱ्यावर खोली मिळत नाही.

राजापूर: नावं शाळेच्या जनरल रजिस्टरमधून (प्रवेशाच्या नोंदवहीतून) काढा, व्हॉट्सअॅपच्या भरवशावर राहू नका. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या, रजिस्टर कार्यालयातच बघा. दमट हवेने पानं चिकटलेली असतात; ओढलीत की शाई दुसऱ्या पानावर जाते. थुंकी लावून पान उलटू नका, फ्लॅश न मारता फोटो घ्या. फार जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात, वाचणारा आधी गाठा. यादीत नाव आणि वर्ष एवढंच. जन्मतारीख, जात नको. आणखी एक: दहावीची पहिली बोर्ड परीक्षा १९७५ ची, त्याआधी मॅट्रिक अकरावीला असायची. त्या काळातल्यांना नुसतं साल विचारू नका, 'अकरावी मॅट्रिक की दहावी?' असं विचारा. नाहीतर दोन वर्ग एकाच यादीत कोंबले जातात.

लालबाग, मुंबई: चाकरमानी शोधायला गावाचं मुंबईतलं ग्रामस्थ मंडळ गाठा, त्यांच्याकडे वर्गणीच्या वह्या असतात. मुलींची नावं रजिस्टरात माहेरची. वाडीत भावाकडे चौकशी केली की नंबर मिळतो.

दापोली: सत्काराने मेळावे बुडतात. बारा शिक्षक, प्रत्येकाला शाल, श्रीफळ आणि भाषण म्हटलं की दोन तास गेले. गुरुजी ऐंशीच्या पुढचे असतात. त्यांना सकाळी दहाच्या आत बसवा, खुर्ची हातांची द्या, मुतारी जवळची दाखवून ठेवा. इतिहासाच्या फलकावरची सालं दोनदा तपासा. इथल्या मिशन शाळेत पां. वा. काणे आणि साने गुरुजी दोघे शिकले, पण काणे १८८० चे, गुरुजी १८९९ चे. फलक रंगवणारे हौसेने त्यांना एका बाकावर बसवतात!

मालवण: रविवार असला तरी संकष्टी-एकादशी पंचांगात बघूनच वडे-सागोती ठरवा. शंभर माणसांच्या सोलकढीला पंचवीस नारळ, अर्धा किलो आमसुलं. नारळाचं दूध पहाटे काढून ठेवलंत तर दुपारपर्यंत आंबतं. आमसुलं रात्री भिजवा, नारळ अकराला वाटा, भांडं बर्फात ठेवा. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) वापरणार असाल तर मीठ चव बघून, त्यात ते असतंच.

वेंगुर्ले: देणगीचं बोलायलाच हवं. संगणक देऊ नका, दमट हवेत टिकत नाहीत आणि दुरुस्तीला पैसा नसतो. जांभ्याच्या जुन्या भिंतीला ऑइलपेंटही नको. भिंत ओल धरते, ती बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि पावसाळ्यात पोपडे येतात. चुना बरा. वानरांनी फोडलेली कौलं बदलायची तर जुनं कौल नमुन्याला घेऊन जा. प्रत्येक कारखान्याच्या कौलाची खाच वेगळी, दुसरं बसवलंत की तिथूनच गळतं. रक्कम संस्थेच्या खात्यावर चेकने द्या. देणगीवरची आयकर सवलत (८०जी) हवी असेल तर दोन हजारांवर रोख चालत नाही, आणि संस्थेची तशी नोंदणी आहे का ते आधी विचारा.