जुन्या मदरबोर्डवर रॅमचं व्होल्टेज वाढवलंय का? अनुभव लिहा

मंडळी, २००३ ते ०६ च्या सुमारास पीसी असेंबल करून तो पिळून काढण्याचं वेड इथल्या बऱ्याच जणांना होतं, आणि आता तेच बोर्ड माळ्यावरून काढून पुन्हा जोडणारेही काही आहेत. म्हणून हा धागा. रॅम ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवायला व्होल्टेज जास्त लागायचं. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगच्या पानावर) ते हवं तेवढं वाढत नव्हतं, तेव्हा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा बारका बदलता रेझिस्टर), पेन्सिल, आणखी काही वापरून तुम्ही ते वाढवलंत का? आणि पदरात काय पडलं?

नवीन मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी. तेव्हाच्या डीडीआर रॅमचं ठरलेलं व्होल्टेज २.५, तिच्यातल्या वेगवान डीडीआर४०० चं २.६. बोर्ड सहसा २.८ च्या आसपास थांबायचे, अबिटचा एनएफ७-एस २.९ पर्यंत जायचा. पण विनबाँड कंपनीची बीएच-५ ही रॅमची चिप ३.२ च्या पुढे गेल्याशिवाय खुलायचीच नाही. मग बायोसला वळसा घालणं आलं.

तो वळसा असा. रॅमचं व्होल्टेज ठरवणारी रेग्युलेटर आयसी आपलं आउटपुट दोन रेझिस्टरमध्ये विभागून फीडबॅकच्या पायावर घेते आणि आतल्या ठरावीक व्होल्टेजशी ताडून बघते. समजा आतलं व्होल्टेज ०.८, ग्राउंडकडचा रेझिस्टर १ किलोओहम, वरचा २.२५ किलोओहम. आउटपुट २.६. ग्राउंडकडच्या रेझिस्टरला २० किलोओहमचा प्रीसेट समांतर जोडला, की आयसीला वाटतं आउटपुट पडलंय, आणि ती ते २.६९ वर नेते. प्रीसेट ६ किलोओहमवर आणा, २.९. शून्यावर नेलात तर मात्र हाताशी असेल तेवढं सगळं व्होल्टेज ती रॅमवर ओतेल. म्हणून जोडण्याआधी प्रीसेट सगळ्यात जास्त ओहमवर, मीटरने मोजून.

एकच विनंती: आकडे मल्टिमीटरचे द्या. बायोसच्या पानावरचे नकोत.

पेठेतला

माझा एनफोर्स२ चिपसेटचा बोर्ड होता, प्रोसेसर अ‍ॅथलॉन एक्सपी. आयसीवरचा नंबर भिंगाने वाचला, त्याची डेटाशीट उतरवून घेतली आणि फीडबॅकचा पाय शोधला. तापकीर गल्लीतून वीसेक रुपयांचा मल्टिटर्न प्रीसेट आणला. साधा एका फेरीचा घेऊ नका. त्यात स्क्रूड्रायव्हर जरा हलला की ०.२ व्होल्टची उडी बसते.

खरी कसरत पायाला तार लावण्याची. शेजारचे पाय इतके चिकटून असतात की २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नचं नेहमीचं टोक तिथे रणगाडाच वाटतं. मी टोक कानशीने घासून अणकुचीदार केलं. तार म्हणून फ्लॉपीच्या रिबन केबलमधला एकच धागा घेतला, त्याला आधी कथील पाजलं, पायाला फ्लक्स लावला आणि फक्त स्पर्श केला. दोन सेकंदांच्या आत हात मागे. नंतर ती तार बोर्डावर गरम गोंदाने चिकटवली. ही पायरी लोक विसरतात आणि मग कॅबिनेट बंद करताना तार ओढली जाऊन पायासकट उचकटते.

फळ: २.९ ला २-२-२-११ टायमिंगवर (रॅम उत्तर द्यायला किती वेळ घेते त्याचे आकडे, जितके लहान तितकी चपळ) २१० मेगाहर्ट्झ, ३.१ ला २२५. (शेवटचा ११ बघून हसू नका, एनफोर्स२ ला तोच आवडायचा.) पुढे जाता येईना, कारण या बोर्डात रॅमचं व्होल्टेज एसएमपीएसच्या (पीसीच्या पॉवर सप्लायच्या) ३.३ च्या लाइनमधूनच येतं. मूळ लाइनच लोडवर ३.२३ पर्यंत खाली येत होती, तर रेग्युलेटर बिचारा आणणार कुठून?

खोडरबर

आमचा सगळा कारभार हॉस्टेलमधला, सोल्डरिंग आयर्न घेऊन कोण बसतंय. ग्राउंडकडच्या रेझिस्टरवर ६बी पेन्सिल घासली. शिसपेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमधून वीज जाते, म्हणजे तोच समांतर रेझिस्टर फुकटात. २.६ चे २.७४ झाले.

दोन गोष्टी सांगण्यासारख्या. माझ्या रूममेटने वरच्या रेझिस्टरवर घासली, तर त्याचं व्होल्टेज उलट खाली गेलं आणि मशीन सुरूच होईना. खोडरबराने पुसलं, झालं पूर्ववत. दुसरं म्हणजे पेन्सिलीचा आकडा टिकत नाही. पंख्याची हवा, धूळ, पावसाळ्यातली दमट हवा. महिन्याभरात माझं २.६८ वर आलं होतं. परीक्षेच्या दिवसांत तेच बरं वाटलं, म्हणून परत घासली नाही.

विदर्भवीर

माझा अनुभव थोडा वेगळा, आणि जरा कडवट. प्रीसेट वगैरे सगळं रीतसर केलं, २.९५ पर्यंत नेलं, आणि रॅम एक मेगाहर्ट्झने पुढे सरकली नाही. उलट मेमटेस्टच्या (रॅम तपासायच्या प्रोग्रामच्या) टेस्ट ५ मध्ये आधी नव्हते ते एरर यायला लागले. शेवटी रॅमवरची पत्र्याची पट्टी हेअर ड्रायरने गरम करून काढली, तर आत सॅमसंगच्या टीसीसीडी चिप्स. या चिप्सना २.६ ते २.८ मध्येच सुख असतं. टायमिंग सैल ठेवून त्या फ्रीक्वेन्सीत मस्त पळतात, व्होल्टेज देऊन त्यांना काही होत नाही. बीएच-५ असती तर चिपवर डब्ल्यू९४२५०८बीएच-५ असं छापलेलं दिसलं असतं.

तेव्हा आधी पट्टीखाली बघा, मग आयर्न तापवा. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला!

सातासमुद्रापार

मी तेव्हा एमएस करायला अमेरिकेत. तिथे ओसीझेडचा डीडीआर बूस्टर मिळायचा. रॅमच्या रिकाम्या स्लॉटमध्ये बसवायचं कार्ड, त्याला एसएमपीएसमधून वेगळी वीज, एक फिरवायचा नॉब आणि व्होल्टेज दाखवणारे लाल आकडे. सोल्डरिंगचं नावच नाही. ३.९ पर्यंत जायचा दावा होता. माझ्या रॅमपेक्षा त्याचाच दिमाख जास्त.

नंतर डीएफआयचा लॅनपार्टी एनएफ४ घेतला आणि बूस्टर पडून राहिला. त्या बोर्डावर एक जंपर (पिनांवरची छोटी टोपी) हलवला की रॅमचं व्होल्टेज ३.३ ऐवजी ५ च्या लाइनवरून घेता यायचं आणि बायोसमध्येच ४.० पर्यंतचे आकडे दिसायचे. म्हणजे आपण चोरून करत होतो ते कंपनीने उघडपणे दिलं. बीएच-५ वर ३.४५ ला २५० मेगाहर्ट्झ, २-२-२-५. रॅमवर ८० मिमीचा पंखा सतत. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, २.६ वरून ३.४५ म्हणजे पाऊणपट जास्त. बोट ठेवलं तर चटका बसायचा.

अ‍ॅथलॉन ६४ मध्ये मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो, त्यामुळे इथे पणाला फक्त रॅम लागत नव्हती, हेही लिहून ठेवतो.

डाग_देणारा

दुरुस्तीवाल्याच्या बाजूने लिहितो. माझं दुकान आहे, असे ‘सुधारलेले’ बोर्ड टेबलावर भरपूर आले. व्होल्टेजने जळलेले त्यात थोडेच. जास्त करून उचकटलेले पाय, सोल्डरचा थेंब सांडून जोडले गेलेले पाय, आणि फुगलेले कॅपॅसिटर.

शेवटचं महत्त्वाचं. त्या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर खराब इलेक्ट्रोलाइटचे कॅपॅसिटर आले होते. डोकं फुगतं, तपकिरी द्रव बाहेर येतो. असा कॅपॅसिटर रॅमच्या रेग्युलेटरपाशी असला तर मीटरवर सरासरी २.६ दिसेल, पण आत रिपल (व्होल्टेजचा चढउतार) एवढा की रॅम धड चालणार नाही. माणूस समजतो व्होल्टेज कमी पडतंय, आणि प्रीसेट लावतो. आधी कॅपॅसिटर बदला, कमी ईएसआरचे (आतला विरोध कमी असलेले), १०५ डिग्रीवाले. निम्म्या लोकांची प्रीसेटची गरज तिथेच संपते.

दुसरं, व्हीटीटी. टर्मिनेशनचं, म्हणजे सिग्नलच्या लाइनींच्या टोकाला द्यायचं, हे व्होल्टेज रॅमच्या व्होल्टेजच्या बरोबर निम्मं असायला हवं. काही बोर्डांत ते आपोआप मागोमाग येतं, काहींत ठरावीक १.२५ वरच अडकलेलं असतं. रॅम ३.१ वर आणि व्हीटीटी १.२५ वर असेल तर शून्य आणि एक ओळखण्याची सीमारेषाच सरकते. स्लॉटच्या बाजूला बारक्या रेझिस्टरच्या पट्ट्यांची ओळ असते, तिच्या एका टोकाला मोजा.

ठाणेकर

डीडीआर२ च्या काळात मायक्रॉनच्या डी९ चिप्ससाठी केलं होतं, १.८ ची रॅम २.२५ वर. चाललं, विशेष सांगण्यासारखं नाही. डीडीआर३ पासून बायोसच भरपूर देतो आणि डीडीआर५ मध्ये तर रेग्युलेटरच रॅमच्या पट्टीवर गेलाय. आता बोर्डाला तार लावून उपयोग काय?

शमी

मी या प्रकारात नवी आहे. बाबांचा २००४ चा पेंटियम ४ चा पीसी पुन्हा चालू करतेय, त्यांचे जुने गेम त्यांना त्यावरच खेळायचेत. ५१२ एमबीच्या दोन पट्ट्या एकत्र लावल्या की मेमटेस्टमध्ये एरर, एकेकटी लावली की ठीक. बायोसमध्ये व्होल्टेजचा पर्यायच नाही. प्रीसेट आणूनही ठेवला होता. डाग_देणारा दादांचं वाचून टॉर्च मारला, तर स्लॉटजवळचे दोन कॅपॅसिटर वरून फुगलेत. मीटरवर रॅम २.५६, व्हीटीटी १.२८. आधी काय करू?

डाग_देणारा

शमीताई, व्हीटीटी बरोबर निम्मं आहे, ती बाजू ठीक. दोन्ही कॅपॅसिटर बदला, त्यांच्या ओळीतले न फुगलेलेही. काढण्याआधी निगेटिव्हची पट्टी कुठल्या बाजूला आहे त्याचा फोटो काढा. काही बोर्डांवरची छपाई नेहमीपेक्षा उलटी असते. जुना गरम करून हलकेच डोलवत काढा, ओढू नका, नाहीतर भोकातलं तांबं निघून येईल. मग रॅमच्या दोन्ही पट्ट्यांवर रात्रभर मेमटेस्ट लावा आणि इथेच आकडे टाका. तोवर प्रीसेट पाकिटातच राहू दे.