गच्चीवर भाजी लावू का, म्हणते लेक (अ‍ॅनोरेक्सियातून, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीनं खाणं टाळण्याच्या आजारातून सावरताना)

सातारची आई: लेकीचे उपचार चालू आहेत, मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ दोघांकडे जातो. आता ती म्हणते, "आई, गच्चीवर मेथी लावूया." आनंद झाला, पण धाकधूकही आहे. हेच नवं खूळ झालं तर? कुणाचा अनुभव?

मोगरा_नाशिक: काकू, मी यातून गेलेय, म्हणून स्पष्टच सांगते. लावू द्या, पण आधी डॉक्टरांना विचारा. बागकाम हा व्यायामच आहे. आजारात मी भरलेल्या कुंड्या उगाच या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवत राहायचे आणि घरचे म्हणायचे, काय कामसू पोरगी! माती कालवणं, बादल्या वर नेणं दुसऱ्या कुणाकडे द्या. या आजारात हाडं ठिसूळ होतात, हृदयही अशक्त होतं. तिनं स्टुलावर बसून पेरावं, तेही नाश्ता झाल्यावर.

मेथी मसाल्याच्या डब्यातली चालते. रात्रभर भिजवा, पसरट कुंडीत टाका, वर जेमतेम झाकेल इतकी माती. तीन-चार दिवसांत कोंब येतात, काहींच्या डोक्यावर बियांचं टरफल टोपीसारखं अडकलेलं असतं. ते काढायला मला फार आवडायचं. (काढायची गरज नसते, आपोआप पडतं.) महिन्याभरात खुडता येते. खुडलेली जुडी काट्यावर तोलायची नाही, हे मात्र आधीच ठरवा. आणि ती कच्ची, लिंबू पिळून ताटात येऊ लागली की सावध व्हा. लसणाची सढळ फोडणी, दाण्याचं कूट, सगळ्यांना एकच भाजी.

कोल्हापूरकर: मी उलट म्हणेन, सुरुवातीला खायचं काही लावूच नका. माझी बहीण पुढे "फक्त घरचंच, बिनफवारणीचं खाईन" यावर अडून बसली होती. झेंडू लावा.

मोगरा_नाशिक: दादा, खरंय, "शुद्ध"चं वेड मीही पाहिलंय. पण मुलीनं आपणहून भाजीचं नाव काढलंय ना. आहारतज्ज्ञांना विचारून एक कुंडी मेथी, बाकी झेंडू करता येईल. आणि काकू, चक्कर आली, छातीत धडधडलं तर बागबीग सोडून थेट दवाखाना. रात्री-अपरात्री तुम्हालाच कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, मोफत, मराठीतही बोलतात.

सातारची आई: बुधवारी आहारतज्ज्ञांकडे जायचंय, विचारते. स्वयंपाकघरातला काटा आजच शेजारच्या वहिनींकडे ठेवून आले.