मदत हवी आहे: ओव्याच्या तेलाची एमआयसी (जंतूंची वाढ थांबवणारं सर्वांत कमी प्रमाण) कशी काढू?
एमएस्सी मायक्रोचा प्रोजेक्ट चालू आहे, ओवा आणि लवंगेचं तेल क्लेव्हेंजरवर (पाण्यात उकळून तेल वेगळं करायचं काचेचं उपकरण) काढलंय. डिस्क डिफ्यूजनला (जंतू पसरलेल्या आगारच्या जेलीवर तेलाची कागदी चकती ठेवायची) स्टॅफ ऑरियस या जंतूवर मस्त झोन, म्हणजे वाढ थांबलेलं वर्तुळ, येतो, स्यूडोमोनासवर जवळपास काहीच नाही, ते ठीक, त्याचं बाहेरचं आवरणच चिवट. पण तेल पाण्यात विरघळत नाही म्हणून आगारमध्ये नीट पसरतही नाही, मग नुसत्या झोनवरून ओव्यातलं थायमॉल भारी की लवंगेतलं युजेनॉल हे ठरवणं मला पटत नाही. ब्रॉथ डायल्यूशनमध्ये (द्रव माध्यमात तेल पातळ करत जायची पद्धत) तेल मिसळावं म्हणून ट्वीन 80 घातलं की सगळं पांढरट गढूळ, जंतू वाढलेत की तेलच आहे कळेना. ट्वीन किती टक्के ठेवू? रेझाझुरिन (जिवंत जंतू असले की रंग बदलणारा डाय) कोणी वापरलंय का? आणि 96 वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये तेलाची वाफ शेजारच्या वेलमध्ये जाते, त्याला काय करता? प्लीज सांगा, रिझल्ट खरे यायला हवेत.