प्रोग्रेस बार शून्यावरून एकदम शंभरावर का जातो?

जँगो (पायथनची वेब चौकट) आणि सेलरी (कामं मागच्या मागे चालवणारं साधन) यांतली एक्सेल आयात चालू असताना बार शून्यावरच राहतो नि शेवटी थेट शंभर दाखवतो, म्हणून वरच्या एका उत्तरात कुणीतरी वेबसॉकेट (सर्व्हरनं आपणहून ब्राउझरला माहिती पाठवायची सोय) सुचवलंय. त्यानं काही फरक पडणार नाही, पोलिंग (ब्राउझरनं थोड्या थोड्या वेळानं विचारत राहणं) पुरेसं आहे. अख्खी आयात एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्रच पक्क्या होणाऱ्या बदलांचा गट) असेल आणि टक्केवारीही त्यातच टेबलात लिहीत असाल, तर पोस्टग्रेस हा डेटाबेस कमिट होईपर्यंत, म्हणजे बदल पक्के होईपर्यंत, दुसऱ्या कनेक्शनला ती दाखवतच नाही. आकडा रेडिसमध्ये (मेमरीतला वेगळा साठा) ठेवा किंवा सेलरीचं अपडेट-स्टेट (टास्कची स्थिती नोंदवायची सोय) वापरा. तेही प्रत्येक ओळीला नको, शंभरेक ओळींनी एकदा बास. आणि टास्कच्या 'पेंडिंग' (अजून बाकी) या स्थितीवर विसंबू नका. सेलरीला माहीतच नसलेला, अगदी मनानं ठोकलेला टास्क आयडी दिलात तरी ती 'पेंडिंग'च म्हणते!