मटेरियल सायन्समधून सागरी सुदूर संवेदनाकडे वळावे का?

प्रश्न : कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. मी सांगलीत भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले आहे. माझा प्रकल्प निकेल-झिंक फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या नॅनोकणांवर होता. सोल-जेल पद्धतीने (द्रावणातून जेल बनवून) नमुने तयार करणे, एक्स-रे डिफ्रॅक्शनचे आलेख घेणे आणि रिटव्हेल्ड पद्धतीने (मोजलेल्या आलेखावर गणिती वक्ररेषा जुळवून) त्यांचे विश्लेषण करणे ही कामे मला नीट येतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर सह्याद्रीवर पडणाऱ्या पावसाचे बाष्प अरबी समुद्रावरून कसे येते, आणि त्या समुद्रावरचा वारा उपग्रहावरून कसा मोजतात, याविषयी मी वाचू लागलो. आता पीएच.डी.साठी सागरी सुदूर संवेदनच (उपग्रह आणि रडार वापरून दुरून समुद्राचे मापन) घ्यावे असे मनापासून वाटते. मात्र असे केल्यास आजवरचे शिक्षण वाया जाईल, असे घरच्यांचे आणि काही शिक्षकांचे म्हणणे आहे. माझ्या आजच्या ज्ञानातील नेमके काय तिकडे उपयोगी पडेल, गणिताची किती तयारी लागेल आणि समुद्रापासून इतक्या दूर राहून हा अभ्यास करता येतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : अजिंक्यतारा (सातारा)

मी अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे पहिल्या भागाचे उत्तर देतो.

तुम्ही रोज वापरत असलेला ब्रॅगचा नियम हाच समुद्रावरील वारा मोजण्याचा पाया आहे. ज्या कामासाठी ब्रॅग पिता-पुत्रांना १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्या कामात लहरी स्फटिकाच्या प्रतलांवरून परततात. समुद्रावर त्या पाण्याच्या पृष्ठभागावरील बारीक लाटांवरून परततात. दोन्हीकडे अट एकच आहे. शेजारच्या दोन थरांवरून किंवा शेजारच्या दोन लाटांवरून परतणाऱ्या लहरींच्या मार्गांतील फरक पूर्ण तरंगलांबीइतका असला, तरच त्या एकमेकींना बळ देतात. तुमच्या यंत्रातील तांब्यापासून निघणाऱ्या एक्स-किरणांची तरंगलांबी ०.१५४ नॅनोमीटर असते. ओशनसॅट-२ या भारतीय उपग्रहावरील स्कॅटरोमीटर, म्हणजे परतणाऱ्या ऊर्जेवरून वारा मोजणारे रडार, सुमारे १३.५ गिगाहर्ट्झवर चालत असे, म्हणजे त्याची तरंगलांबी साधारण २.२ सेंटिमीटर होती. ही लहर उभ्या रेषेशी ५० अंशांचा कोन करून पाण्यावर पडली, तर तरंगलांबीला त्या कोनाच्या साइनच्या दुपटीने भागून येणारी, म्हणजे सुमारे दीड सेंटिमीटरची लाट तिला सर्वांत जोरकस प्रतिसाद देते. कोन मोजण्याची पद्धत मात्र लक्षात ठेवावी : स्फटिकात तो प्रतलापासून मोजतात, समुद्रावर उभ्या रेषेपासून.

आता खरी मौज इथे आहे. पाण्यावरची लाट सुमारे १.७ सेंटिमीटरहून लहान झाली की तिच्यावर गुरुत्वाकर्षणापेक्षा पृष्ठताणाची सत्ता अधिक चालते. त्यामुळे वारा किंचित वाढला तरी या लाटा लगेच उठतात आणि रडारकडे परतणारी ऊर्जा वाढते. उलट पाण्यावर तेलाचा किंवा जैविक द्रव्याचा पातळ थर पसरला, तर त्या दबतात आणि रडारच्या चित्रात तो भाग काळा दिसतो. तेलगळतीचा शोध याच आधारावर घेतला जातो. पृष्ठभागावरील पातळ थरांचे गुणधर्म हा तर तुमच्याच क्षेत्राचा विषय आहे.

मोठ्या लाटांनाही हाच नियम लागू पडतो. क्रॉम्बी या संशोधकांनी १९५५ मध्ये १३.५६ मेगाहर्ट्झच्या रडारवर समुद्राकडून आलेल्या प्रतिध्वनीत सुमारे ०.३८ हर्ट्झचा डॉप्लर बदल (लाट हलत असल्याने वारंवारतेत पडणारा फरक) नोंदवला. ते गणित स्वतः करून पाहा. तरंगलांबी सुमारे २२ मीटर असल्याने प्रतिसाद देणारी लाट ११ मीटरची ठरते. खोल पाण्यात अशा लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ४.२ मीटर असतो, आणि त्यावरून नेमका हाच आकडा निघतो. या आकड्यापासून मोजमाप जितके सरकते तितका तेथे पाण्याचा प्रवाह असतो. किनाऱ्यावरील रडार सागरी प्रवाह मोजतात ते याच तत्त्वावर. एका वहीच्या पानावर मावणाऱ्या गणिताने समुद्राचा प्रवाह हाती येतो, याचे मला आजही अप्रूप वाटते.

उत्तर : शेषबाकी (कराड)

गणिताबद्दल लिहितो. रडारला वारा दिसत नाही. परत आलेल्या ऊर्जेचे माप तेवढे मिळते आणि त्यावरून उलट दिशेने वाऱ्याकडे जावे लागते. समोरून येणारा आणि पाठीमागून येणारा वारा जवळजवळ सारखेच माप देत असल्याने एकाच जागेसाठी वाऱ्याच्या दोन, तीन, कधी चार शक्यता निघतात. उत्तर असावे, ते एकच असावे आणि मापात थोडा बदल झाला तर उत्तरही थोडेच बदलावे, अशा तीन अटी फ्रेंच गणिती आदामार यांनी मांडल्या होत्या. सुदूर संवेदनातील बहुतेक प्रश्न यांपैकी एखादी तरी अट मोडतात.

रिटव्हेल्ड पद्धत वापरणाऱ्याला हे नवे नाही. फेराइटमध्ये कोणता आयन चतुष्फलकी जागेवर (चार ऑक्सिजनच्या मधे) किती आहे, हे ठरवताना जागेची व्याप्ती (ती किती प्रमाणात भरली आहे) आणि औष्णिक कंपनाचा गुणांक एकमेकांत गुंततात, आणि दोन वेगळ्या उत्तरांची वक्ररेषा आलेखावर सारखीच चांगली बसते, हे तुम्ही अनुभवले असेल. त्या वेळी आपण रसायनशास्त्राचे ज्ञान वापरून एक शक्यता निवडतो. समुद्रावर आजूबाजूच्या ठिकाणांचा वारा आणि हवामान प्रारूपाचा अंदाज वापरून ती निवडतात. म्हणून रेषीय बीजगणित, विशेषतः सिंग्युलर व्हॅल्यू डिकंपोझिशन (आव्यूहाचे सोप्या घटकांत विभाजन), पक्के करा. त्यानंतर तिखोनोव्ह यांची नियमितीकरणाची पद्धत (जास्तीची अट घालून उत्तर स्थिर करणारी) आणि बेजच्या प्रमेयावर आधारलेले अनुमान (आधीच्या माहितीला नव्या मापांची जोड देणारे) अभ्यासा. फूरिये रूपांतर तुम्हाला येतच असेल.

उत्तर : सागरमापन (मूळ तासगाव, सध्या हैदराबाद)

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, पण एका बाबतीत सावध करणे मला आवश्यक वाटते. स्फटिक स्थिर आणि नियमित असतो; समुद्राचा पृष्ठभाग यदृच्छ असतो. तेथे एका लाटेला अर्थ नाही, असंख्य लाटांच्या वर्णपटाला (कोणत्या लांबीच्या लाटांत किती ऊर्जा, याला) आहे. सूत्र सारखे दिसते म्हणून समुद्र समजला असे मानणारे हुशार विद्यार्थी पुढे अडकतात, कारण यादृच्छिक प्रक्रियांचा अभ्यास त्यांनी टाळलेला असतो. कृपया तो टाळू नका.

दुसरे असे, की ओशनसॅट-२ च्या स्कॅटरोमीटरच्या वारंवारतेवर पावसाचे थेंब स्वतःच ऊर्जा परतवतात आणि पाण्याचा पृष्ठभागही बदलतात, त्यामुळे जोराच्या पावसात वाऱ्याचे माप बिघडते. तुम्हाला रस असलेला पावसाळी अरबी समुद्र नेमका इथेच अवघड आहे, आणि म्हणूनच तेथे संशोधनाला वाव आहे. समुद्राचा रंग पाहून हरितद्रव्य मोजणारी उपकरणे ढगांमुळे त्या महिन्यांत बहुतांशी निरुपयोगी ठरतात. सूक्ष्मलहरी मात्र ढगांतून पार जातात.

समुद्रापासून दूर असण्याची अडचण फारशी नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये सोडलेल्या ओशनसॅट-३ वर स्कॅटरोमीटर आहे, अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे मॉसडॅक संकेतस्थळ उपग्रहांची माहिती उपलब्ध करून देते, आणि पाण्यातील मापांसाठी आर्गो तरंडांची (समुद्रात तरंगत माप घेणाऱ्या स्वयंचलित उपकरणांची) नोंद सर्वांना खुली आहे. सांगलीत बसून जून ते सप्टेंबरच्या वाऱ्याचा एक नकाशा तयार करा आणि तो नांगरलेल्या बोयांवरील (एका जागी बांधलेल्या तरंगत्या मापकांवरील) मापांशी ताडून पाहा. प्रवेशाच्या मुलाखतीत त्या एका कामाला गुणपत्रिकेपेक्षा अधिक वजन येईल.

कृष्णाकाठ (सांगली)

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. क्रॉम्बी यांचे गणित करून पाहिले, आकडा जुळला. एकच शंका उरते : मग फेराइट पूर्णपणे सोडावे लागेल का?

अजिंक्यतारा (सातारा)

सोडावेच असे नाही. रडारमध्ये पाठवण्याचा आणि स्वीकारण्याचा मार्ग वेगळा ठेवणारा सर्क्युलेटर हा भाग फेराइटचा किंवा यट्रियम आयर्न गार्नेटचाच असतो. चुंबकीय क्षेत्रातील फेराइटमध्ये लहर एका दिशेने जशी जाते तशी उलट दिशेने जात नाही, या गुणावर तो चालतो. तुमचे निकेल-झिंक फेराइट मुख्यतः त्याहून कमी वारंवारतेवर वापरतात, परंतु अनुनादाची (पदार्थ ज्या वारंवारतेला सर्वांत जोरकस प्रतिसाद देतो तिच्या पट्ट्याची) रुंदी आणि ऊर्जेचा ऱ्हास कमी कसा करावा हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. तेव्हा रडारसाठी पदार्थ घडवणे हा एक मार्ग आहे आणि रडारच्या मापांवरून समुद्र जाणणे हा दुसरा. एका प्रबंधात दोन्ही बसवण्याचा मोह धरू नका. तुमच्या प्रश्नातील ओढ पाहता मी दुसरा निवडेन. मॉसडॅकवर नोंदणी करून यंदाच्या जूनपासूनच्या नोंदी उतरवून घ्या. संगणकावर त्या उघडताना काही अडले तर इथेच विचारा.